बाबांच्या ४६० रेकॉर्ड्स : एकत्र ठेवाव्यात की ऐकणाऱ्यांना वाटून टाकाव्यात?

कृष्णाकाठ

सांगलीचं आमचं घर विकायचं ठरलंय, दिवाळीपर्यंत रिकामं करून द्यायचं आहे. भांडी, कपाटं, पाट सगळं मार्गी लागलं; माडीवरच्या रेकॉर्ड्सपाशी येऊन आम्ही तिघं भावंडं अडलोय. मोजल्या तेव्हा ४६० भरल्या. ३१० लाखेच्या, ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. ९० एलपी, म्हणजे बाजूला वीसेक मिनिटं वाजणाऱ्या मोठ्या, आणि ६० छोट्या ईपी. २०१९ च्या महापुरात आमच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी होतं. तेव्हाही बाबांनी जिन्यात उभं राहून आधी विचारलं ते माडीची खिडकी नीट लावली का, हेच. ते जाऊन दीड वर्ष झालं.

नाट्यपदं सर्वांत जास्त. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर. मिरज हाकेवर, त्यामुळे तिथं राहिलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्याही सात आहेत. धाकट्या भावानं एका व्यापाऱ्याला बोलावलं. त्यानं सरसकट २८ हजार सांगितले. निवडून देणार असाल तर नको म्हणाला. बहीण म्हणते संस्थेला देऊ. माझी पुण्यातली जागा दोन खोल्यांची, तिथं शंभराच्या वर मावणार नाहीत. तुम्ही काय केलं असतं?

जुनी सुई

सरसकट देऊ नका, हात जोडून सांगतो. व्यापाऱ्याची नजर एलपींवर आहे. हिंदी सिनेमाच्या, कव्हर शाबूत असलेल्या वीसेक विकल्या की त्याचे पैसे वसूल. ७८ ला गिऱ्हाईक थोडं. त्या मग हॉटेलाच्या भिंतीवर खिळ्याला लागतात. जुन्या बाजारात तर त्यांची घड्याळं केलेलीही मी पाहिली आहेत.

आधी यादी करा. दोन्ही बाजूंचे गायक, पद, कंपनी, लेबलवरचा नंबर. शिवाय खोबणी संपते तिथं, तबकडी उजेडात तिरपी धरली की आणखी एक नंबर दिसतो. तो मॅट्रिक्स नंबर. कुठल्या ध्वनिमुद्रणावरून ती तबकडी काढली ते त्यावरून कळतं. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथल्या जाणत्यांना ती यादी दाखवता येईल.

आणि संग्रह फोडू नका. एकेक तबकडी दुसऱ्या कुणाकडे असेलही. पण सांगलीतल्या एका घरानं इतक्या वर्षांत काय काय निवडून आणलं, हे फक्त तुमच्या माडीवर आहे.

पेठेतला श्रोता

मला हे पटत नाही, आणि अनुभवानं पटत नाही. माझ्या सासऱ्यांच्या दोनशे तबकड्या आम्ही एका संस्थेला दिल्या. शाल, श्रीफळ, फोटो झाला. चार वर्षांनी गेलो तर जिन्याखाली, पोत्यात, एकावर एक आडव्या रचलेल्या. तळच्या अकरा तडकलेल्या. त्या चार वर्षांत एकही वाजली नव्हती. मी घरी येऊन बायकोला खरं सांगू शकलो नाही.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यासाठी गायिका केसरबाई केरकरांची भैरवी हवी होती. ती रेकॉर्ड तेव्हा बाजारातून गेलेली होती. सापडली ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, खोक्यात. रेकॉर्ड अशाच जगतात, दहा हातांत, दहा घरांत. एका कुलपात ठेवाल आणि एका पुरात सगळ्या जातील. ऐकणारे शोधा, प्रत्येकाला दहा-पंधरा द्या.

ठाणे पूर्व

दोघांनाही विचारतो, ७८ च्या ऐकणार कशावर? तबकडी राखायची ती आतल्या आवाजासाठी. मग आवाज काढून घ्या. ३१० च्या दोन्ही बाजू, सव्वातीन मिनिटांनी एक, म्हणजे साधारण ३४ तास. एलपींचे ६० तास, ईपींचे १२. एकूण १०५-१०६. दिवसाला दोन तास बसलात तर ५३ दिवसांत उरकतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाचं घेतलं तरी सव्वादोनशे जीबीच्या आसपास. तीन भावंडांना तीन हार्ड डिस्क. मग तबकड्या कुणाकडे गेल्या यावरून भांडायचं कारणच राहत नाही.

जुनी सुई

हिशोब बरोबर आहे, पण तो सगळं नीट वाजलं असं धरून केलाय. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि ७८ ची खोबणी रुंद, तिला ३ मिलची लागते. सुटकेससारख्या नव्या स्वस्त प्लेअरमध्ये सहसा एलपीचीच सुई असते. ती ७८ च्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त उचलते. उलट, चावीच्या फोनोची पोलादी पिन एलपीवर ठेवलीत तर ती एकदाच वाजवून खराब होईल.

दुसरं म्हणजे वेग. १९२५ च्या आधीची मुद्रणं माइकशिवाय, भोंग्यात गाऊन केलेली. काहींत शेवटी गाणारा स्वतःचं नाव सांगतो, ते ऐकताना अजून अंगावर काटा येतो. त्यांचा वेग नेमका ७८ असायचाच असं नाही. सहा टक्क्यांची चूक झाली की पट्टी अर्ध्या स्वरानं सरकते. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गायला असं पुढच्या पिढीला वाटणार. आज चुकलं तर उद्या चांगल्या सुईनं, चांगल्या कानानं पुन्हा वाजवायला मूळ तबकडी हातात हवी. म्हणून ती टाकायची नाही.

आणि धुताना ७८ ला स्पिरिट लावू नका. लाख त्यात विरघळते.

माळावरची

आवाज काढलाच तर लोकांना खुला करा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, शब्दांचा कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. नाटककार देवल १९१६ ला गेले, खाडिलकर १९४८ ला. दोघंही तुमच्याच सांगलीच्या मातीतले, आणि दोघांच्याही पदांना आता ती आडकाठी नाही. चाल कुणाची ते मात्र वेगळं बघावं लागेल.

कृष्णाकाठ

काल यादीला बसले. चाळीस झाल्या आणि थांबले. बाबांनी कव्हरांच्या आत टाकानं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एकीवर : "१४-८-६६. मिरजेहून सायकलवर. कडेला टवका, तरी घेतली." दुसरीवर : "आक्काला ऐकवली. दोनदा लाव म्हणाली." आक्का म्हणजे माझी आत्या. ती त्याच वर्षी गेली. रात्री भावाला फोन केला, आम्ही दोघंही काही वेळ बोललोच नाही.

एक मात्र सांगायला हवं. वर कुणी त्याला दोष दिला नाहीये, पण माझ्या लिहिण्यातून तसं वाटू नये. बाबांचं शेवटचं सगळं त्यानं एकट्यानं काढलं. त्यासाठी दुकान सात महिने बंद होतं. त्याला पैसे हवेत ते हावेपोटी नव्हे.

पेठेतला श्रोता

मग त्याचा वाटा आधी. संग्रह अखंड राहावा हे म्हणायला सोपं आहे, त्याची किंमत एकट्या भावानं का भरायची? कव्हरांचे फोटो काढा, मजकूर वाचेल. तबकड्या वाटण्याचं माझं मत बदललेलं नाही. आक्कांना दोनदा लावली होती ना? ती आता कितीदा लागणार आहे?

जुनी सुई

अक्षर असलेली कव्हरं त्या त्या तबकडीपासून वेगळी झाली की मजकुराचा अर्थ गेला. फोटोत टवका दिसेल, पण त्या टवक्यावर सुई कशी उडी मारते ते कळणार नाही.

कृष्णाकाठ

आम्ही तिघं बोललो. हिंदी सिनेमाच्या ४८ एलपी एकेक करून विकायच्या, त्याचे सगळे पैसे भावाचे. ७८ च्या ३१० एकत्र, बहिणीच्या मिरजेच्या घरी, उभ्या ठेवायच्या, तळमजल्यावर नाही. संस्थेचा विचार यादी झाल्यावर. ईपींचं अजून ठरलेलं नाही.

जुनी सुई

एलपींचा संग्रह फुटला याचं वाईट वाटतंच. त्यांच्याही कव्हरांत लिहिलेलं असेल, विकण्याआधी प्रत्येक कव्हर आतून बघा.

पेठेतला श्रोता

३१० पुन्हा कपाटात जाणार, याला माझा विरोध आहेच. पण माझ्याकडे ३ मिलची सुई लावलेलं टर्नटेबल आहे, ते घेऊन मी रविवारी मिरजेला येतो. यादी लिहायला बसेन. अट एकच : नंबर उतरवण्याआधी प्रत्येक तबकडी दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवायची. पहिली कुठली लावायची ते तुम्ही सांगा.

कृष्णाकाठ

या. सहासष्टची, सायकलवरून आणलेली. टवका अगदी कडेला आहे, पहिले तीन-चार फेरे सोडून सुई टेकवावी लागेल.