‘वारकऱ्यांना’मधला ऱ : दिसायला एक, साठवण दोन

प्रश्न
आषाढीच्या तोंडावर सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात दिंड्यांच्या पत्रिका, स्मरणिका अशी कामं येतात. परवा एका स्मरणिकेत ‘वारकऱ्यांना’ शोधून ‘वारकरी बांधवांना’ करायचं होतं. काही ठिकाणी शब्द सापडला, काही ठिकाणी नाही, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मेलवरून आलेल्या एका लेखात तर सरळ ‘वारकर्यांना’ झालेलं. महाप्रसादाच्या हिशेबात ‘आचार्यांना मानधन’! आचारी कुठे, आचार्य कुठे. हा फाँटचा दोष का?

उत्तर
दादा, फाँटला बोल लावू नका. पापणीसारखा दिसणारा हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन वाटांनी उमटतो. सरळ वाट अशी : ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. दुसरी जुनी : साधा र (०९३०), हलन्त, त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतला मजकूर वाचता यावा म्हणून ही वाट अजून चालू ठेवली आहे. आपण आकार बघतो, संगणक क्रमांक जुळवतो. म्हणून शोधात एक हाती लागतो, दुसरा निसटतो. आणि मजकूर इकडून तिकडे जाताना जॉइनर गळला की उरतं र, हलन्त, य. त्याचा रफारच होणार. तुमचे आचारी तिथेच आचार्य झाले.

र आणि खालचा नुक्ता (टिंब) वेगवेगळे टाइप केले तर ते युनिकोडच्या नियमाने ०९३१शी समान धरले जातात. जॉइनरवाल्या क्रमाला ती सवलत नाही.

इन्स्क्रिप्ट या कळफलकात ‘जे’च्या कळीवर र आहे, शिफ्ट धरून तीच दाबली की ऱ. मग ‘डी’वरचा हलन्त, मग य.

पुन्हा प्रश्न
पण सुटा ऱ आपल्या मुळाक्षरांत नाहीच. मग तो कोणाचा?

आणखी एक उत्तर
आम्ही अशोक चौकातले, घरी तेलुगू. आमच्या लिपीत ‘बंडी र’ म्हणून एक जुनं अक्षर आहे, हल्ली त्याच्या जागी साधा रच लिहितात. तमिळमध्ये मात्र त्याचा भाऊ रोज वापरात आहे. असे द्राविडी र देवनागरीत उतरवता यावेत यासाठी ऱ आहे; युनिकोडच्या तक्त्यात त्याच्यासमोर हेच लिहिलंय. युनिकोडच्या आधीच्या, १९९१च्या इस्की या भारतीय मानकात सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच आराखडा होता, त्यात दक्षिणेतल्या लिप्यांचा हा कठोर र होता. त्या आराखड्याची खूण अजून दिसते : देवनागरीत ०९३१, तेलुगूत ०सी३१, शेवट सारखाच. त्याच अक्षराचं अर्धं रूप मराठी आणि नेवारीच्या वाट्याला आलं. सोलापुरात वाढलेल्या मला हे वाचून फार आनंद झाला होता.

मात्र उच्चाराचा घोटाळा करू नका. तमिळमधला तो र वेगळा वर्ण आहे. मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला र तोच, फरक आघाताचा. ‘दर्या’ म्हणताना द वर जोर येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. म्हणजे आपण लिहितो ते मागच्या अक्षराचं वजन. म्हणूनच याला नुसती अक्षराची नक्षी समजणं मला पटत नाही. ते शुद्धलेखनच आहे. ‘ऱ्हास’ घ्या, तिथे तर रफार ठेवायला मागे अक्षरच नाही.

प्रश्नकर्ता
कळलं. फाइलभर र-हलन्त-जॉइनर हा क्रम शोधून त्या जागी ऱ-हलन्त घातलं. ‘वारकऱ्यांना’ आता एका शोधात सगळे सापडतात. जिथे जॉइनर आधीच गळलाय ती पानं मात्र डोळ्यांनीच वाचावी लागताहेत. ‘सूर्या’ बरोबर आणि ‘सुऱ्या’च्या जागी आलेलं ‘सुर्या’ चूक, हे मशीन कसं सांगणार? हिशेबाचं पान झालं, ‘आचाऱ्यांना मानधन’ नीट आलंय. राहिलेली पानं आज रात्री.