लहान गावात भाड्याचा फ्लॅट हवाय, पार्किंगसकट. कसा शोधायचा?

गाडीसकट_बदली: नमस्कार मंडळी, बदली झालीय, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय आणि गाव तसं लहान आहे. साइटवर बघावं तर तेच ते फ्लॅट फिरून फिरून दिसतात, त्यातले निम्मे आधीच गेलेले, आणि एजंटला फोन केला की "पार्किंग आहे ना, भरपूर आहे" एवढंच, नेमकं कुठे विचारलं तर "लावतात सगळे खाली". गाडी मोठी आहे, शिवाय एक स्कूटर. रस्त्यावर लावायची अजिबात तयारी नाही. लांबून शोधताना काय विचारू?

तळमजला: लहान गावात चांगली घरं साइटवर येतच नाहीत, त्याआधीच ओळखीत जातात. तुमच्या आधी तिथे तुमच्या जागेवर नोकरीला जे होते त्यांना पहिला फोन लावा, ते निघाले म्हणजे घर सुटणारच. आणि "भरपूर आहे" म्हणजे जो आधी येईल त्याची जागा, बाकी काही नाही. जागा ठरलेली आहे का, नंबर काय, एवढंच विचारा आणि फोटो मागवा, तोही रात्रीचा, कारण दुपारी कुठलंही पार्किंग मोकळंच दिसतं.

रिव्हर्स_गिअर: फोटोवर जाऊ नका हो, टेप घेऊन जा. एका गाडीला साधारण 2.5 बाय 5 मीटर जागा धरतात, कागदावर ठीक आहे, पण मोठी गाडी आरशांसकट 2 मीटरच्या आसपास जाते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून उरला अर्धा मीटर, त्यात खांब नेमका ड्रायव्हरच्या दारापाशी आला की बोंबला, उतरणार कुठून? खांब बॉनेटपाशी असेल तर चालून जातं. जागा आतल्या वाटेला काटकोनात असेल तर वळायला समोर 6 मीटर तरी मोकळं हवं. बेसमेंट असेल तर भिंतीवर खालच्या बाजूला पाण्याची रेघ दिसते का बघा, रंग नवा मारला असेल तर लिफ्टच्या खड्ड्यापाशी बघा, तिथे कुणी रंग मारत नाही 😄 शक्य असेल तर गाडीच घेऊन जा आणि लावून बघा.

गाडीसकट_बदली: धन्यवाद! एका ठिकाणी मागेपुढे लावायची जागा देतायत, माझ्यामागे शेजाऱ्यांची गाडी. भाडं बरंच कमी आहे. घ्यावं का?

चावी_कुणाकडे: एकाच घरातल्या दोन गाड्या असतील तरच मागेपुढे. नाहीतर रोज सकाळी त्यांची बेल वाजवायची, ते गावाला गेले की तुमची गाडी आत अडकली. आणि कुठलीही जागा घ्या, अग्रीमेंटमध्ये पार्किंगचा नंबर लिहून घ्या, स्कूटरचाही वेगळा उल्लेख करा. तोंडी कबुलीला मालक बदलला की काही अर्थ राहत नाही.

पोर्चवाली: फ्लॅटच हवा असा हट्ट का पण? बंगल्याचा तळमजला बघा, पोर्चमध्ये गाडी आरामात राहते. फक्त मालक वर राहत असतील तर गेटला कुलूप कधी लागतं आणि किल्ली तुम्हाला देणार का ते आधीच विचारा.

गाडीसकट_बदली: मागेपुढेवालं कॅन्सल. आधीच्या माणसाला फोन लावला, घर सुटतंय, फ्लॅटला पार्किंगही आहे म्हणे, पण त्यांच्याकडे गाडीच नव्हती!

तळमजला: मग त्या जागेवर आत्ता कुणाची तरी गाडी नक्की उभी असणार. ती मालकाकडून हलवून घ्या, मगच डिपॉझिट द्या.