विंडसरचा फोटो घरात आला म्हणून राजवाडा आपला झाला?

गवाक्ष: ‘इंग्लिश फोटोग्राफर रॉजर फेंटननं १८६० मध्ये विंडसर कॅसल या इंग्लंडच्या राजवाड्याचे फोटो काढले आणि राजवाडा सामान्यांचा झाला,’ असं कालच्या पोस्टमध्ये वाचलं. काहीही! तेव्हा एका फोटोसाठी काचेवर कलोडियन हे चिकट रसायन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि वाळायच्या आत फोटो काढून धुवायचीसुद्धा. आजोबांच्या कापूस गिरण्यांचा पैसा होता म्हणून फेंटनला हे जमलं, शिवाय व्हिक्टोरिया राणीच्या घरात ऊठबस. फोटोत काय, तर बुरूज आणि हिरवळ. त्या वाड्यात भांडी घासणारी बाई कुठंय?

चष्मेबहाद्दर: फोटो काढणं महाग होतं हो, बघणं नव्हे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा फोटोग्राफर जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन बालमोरल या राणीच्या तिथल्या वाड्याची स्टिरिओ कार्डं (भिंगातून बघायचे जोडफोटो) विकायचा, ती मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात पोचली. आणि नोकर हवाय ना? १८६३ चा विल्सनचाच फोटो बघा. राणी तट्टावर, लगाम तिचा नोकर जॉन ब्राउनच्या हातात. तोही विकला गेला.

गवाक्ष: म्हणजे फोटोत यायचं तर राणीचं तट्टू धरायचं! छान लोकशाही.

उंबरठा: साहेबाच्या वाड्यावरून किती भांडाल? मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, लंडनच्या पुढच्याच वर्षीची. मुंबईचे डॉक्टर आणि फोटोग्राफर नारायण दाजी त्यातले. त्यांचं नाव कोण घेतं? आणि आज? परवा एका किल्ल्यावर ट्रायपॉड उघडला तर रखवालदार शिट्टी वाजवत धावत आला. शेजारी मोबाइलवाल्यांची जत्रा, त्यांना कुणी विचारेना.

साधासुधा: अगदी! मला म्हणाला, ‘तीन पाय दिसले की परवानगी लागते.’

चष्मेबहाद्दर: विषय काय, चाललंय काय?

उंबरठा: हाच विषय आहे! राजवाड्याचा फोटो कुणी काढायचा, हे तेव्हा राणी ठरवायची, आता शिट्टीवाला.

मिरचीभजी: ट्रायपॉडवाल्यांनीच वाट लावलीय. आमच्या गावच्या गडावर दर रविवारी प्री-वेडिंग. तटावर धुराच्या नळकांड्या, खाली फुटक्या बाटल्या. शिट्टी कमीच पडते.

साधासुधा: सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. मी दगडांचे फोटो काढतो, नवरानवरीचे नाही.

मिरचीभजी: सगळे हेच सांगतात.

गवाक्ष: चष्मेबहाद्दर, कार्डं घराघरात गेली हे मान्य, घ्या, पेढे वाटा. पण कार्ड विकत घेणाऱ्याला बालमोरलच्या फाटकातून आत सोडलं का, ते सांगा.

चष्मेबहाद्दर: नाही सोडलं. म्हणूनच तर कार्ड खपलं!

उंबरठा: ट्रायपॉडची परवानगी नक्की कुठल्या खिडकीवर मिळते? कुणाला माहीत असेल तर सांगा, बाकीचं चालू द्या.