मधुमेह, रक्तदाब, झोप आणि मन: वडिलांच्या प्रकृतीचा एकत्र विचार कसा करावा?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर)

माझे वडील ६४ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या चालू असूनही मागील तपासणीत एचबीएवनसी (रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८.६ टक्के आले. निवृत्तीनंतर त्यांचे घराबाहेर पडणे कमी झाले आहे, रात्री झोप लागत नाही आणि तळपायांना मुंग्या येतात. नातेवाइकांपैकी कोणी कारल्याचा रस सुचवतात, कोणी भस्म, तर कोणी साखर बंद करून गूळ द्यायला सांगतात. औषधे थांबवण्याचा आमचा विचार नाही. परंतु केवळ गोळ्यांची मात्रा वाढवत राहणेही पटत नाही. आहार, हालचाल, झोप आणि मन यांची उपचारांशी सांगड कशी घालावी?

उत्तर १

सुश्रुतसंहितेत निरोगी माणसाचे लक्षण सांगताना दोष (वात, पित्त, कफ), अग्नी (पचनशक्ती) आणि धातू (शरीराचे घटक) यांच्या समतोलाबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली आहे, म्हणून आपण विचारलेला प्रश्न मला मुळातूनच योग्य वाटतो. मात्र सर्वांगीण उपचार म्हणजे सगळ्यांनी सुचवलेले सगळे उपाय एकाच वेळी करणे नव्हे. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने कारल्याचा रस नियमित घेतल्यास रक्तातील साखर एकाएकी खूप खाली जाऊ शकते. काही भस्मांमध्ये शिसे, पारा यांसारखे जड धातू आढळलेले आहेत, त्यामुळे घरात येणारे प्रत्येक चूर्ण आणि काढा डॉक्टरांना दाखवावा. गुळाविषयी आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे आणि तो असावाच, पण मधुमेहात गूळ ही साखरच आहे.

पायांच्या मुंग्यांकडे विशेष लक्ष द्यावे. मधुमेहामुळे नसांना इजा होते, हे एक कारण. परंतु मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ‘ब१२’ जीवनसत्त्वाची कमतरताही होऊ शकते, आणि ती रक्ततपासणीतून कळते व भरूनही काढता येते. झोपेत ते मोठ्याने घोरतात का, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का, हे घरच्यांनी पाहावे, कारण झोपेतील श्वासरोधामुळे रक्तदाब आणि साखर दोन्ही नियंत्रणात येणे अवघड होते. डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी दर वर्षी करावी.

उत्तर २

आहाराविषयी माझे मत असे की, घरातील चव मोडली तर पथ्य टिकत नाही. वडिलांचे ताट वेगळे करण्यापेक्षा सर्वांच्याच ताटात आधी कोशिंबीर व उसळ आणि नंतर मोजकी भाकरी असा क्रम ठेवावा. त्यामुळे जेवणानंतर साखर सावकाश वाढते. तांबडा रस्सा वर्ज्य करण्याची गरज नाही, मात्र त्यातील तेलाचा कट आणि सोबतचा भात यांना आवर घालावा. रक्तदाबासाठी खर्डा, लोणचे आणि पापड यांतील मीठही मोजावे, कारण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात. संध्याकाळी रंकाळा तलावावर एखाद्या समवयस्क सोबत्याबरोबर जाणे शक्य झाले, तर व्यायामाइतकाच लाभ गप्पांचा होईल. निवृत्तीनंतरचा एकटेपणा हा आजाराचाच भाग समजून त्यावर उपाय करावा, असे मला कळकळीने वाटते. उदासी टिकून राहिल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास संकोच नसावा.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. फक्त पादत्राणांचा मुद्दा राहिला. संवेदना कमी झालेल्या पायांना कडक कातड्याची कोल्हापुरी चप्पल घासते आणि जखम झालेली कळत नाही, म्हणून फिरताना मऊ, बंद बूट वापरावेत. अंबाबाईच्या देवळात अनवाणी जावे लागते, तेव्हा उन्हात तापलेली फरशी टाळण्यासाठी सकाळची वेळ निवडावी आणि घरी परतल्यावर कोणीतरी त्यांचे तळपाय उजेडात नीट पाहावेत. एचबीएवनसीमध्ये मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दिसते. त्यामुळे हे बदल सुरू केल्यावर तेवढ्या अवधीनंतर पुन्हा तपासणी करावी आणि गोळ्यांची मात्रा त्या वेळी डॉक्टरांनाच ठरवू द्यावी.