छोट्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या कपाटात फळ्या बसवायच्या आहेत, पण भिंत स्क्रू धरत नाही

भटकंती_डेन्व्हर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही एक जुना, १७ फुटी, एकाच ॲक्सलचा (म्हणजे चाकांच्या एकाच आसाचा) ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे फिरते घर, घेतला. आम्ही दोघे आणि दोन मुले, अशा चौघांच्या कपड्यांसाठी मागच्या कोपऱ्यात, न्हाणीघराला लागून, एकच कपाट आहे. ते आतून २३ इंच रुंद, २० इंच खोल आणि ५६ इंच उंच आहे, पण दाराची चौकट दोन्ही बाजूंनी आत आलेली असल्यामुळे प्रत्यक्ष तोंड १७ इंचच आहे. आत वर एक दांडा आहे आणि बाकी सगळी पोकळी. दांड्याला चार जॅकेटे अडकवली की खाली पिशव्यांवर पिशव्या रचाव्या लागतात आणि तळातल्या पिशवीतले मोजे हवे असले तर सगळा ढीग बाहेर काढावा लागतो.

उन्हाळ्यात ग्रेट सँड ड्यून्सला गेलो तेव्हा ओट्याखाली न मावलेले डबे याच कपाटात ठेवले होते. मुक्कामी पोहोचून दार उघडले तर मिसळणाच्या डब्याचे झाकण निघाले होते आणि धाकटीच्या पांढऱ्या स्वेटरवर हळद सांडली होती. परत आल्यावर मी दुकानातून लोखंडी कोन आणून एक फळी लावून पाहिली. स्क्रू आवळताना शेवटच्या दोन फेऱ्यांत हाताला काहीच जोर लागेना, आणि दुसऱ्या दिवशी कोन बोटांनी ओढला तर चारही स्क्रू फोमचे पांढरे कण घेऊन बाहेर आले.

आता हे काम एकदाच आणि नीट करायचे आहे. फळ्यांना आधार कशाचा द्यावा, प्लायवूड किती जाड घ्यावे, आणि १७ इंचांच्या तोंडातून रुंद फळी आत न्यायची कशी, हे ज्यांनी स्वतः केले असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सुतारपक्षी (मिशिगन)

तुमच्या हाती जे फोमचे कण आले त्यांतच उत्तर आहे. बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरच्या भिंतीची आतली बाजू म्हणजे लुआन नावाच्या हलक्या प्लायवूडचा पातळ तक्ता असतो. त्याची जाडी साधारण इंचाचा आठवा भाग, म्हणजे आपल्याकडचे सुतार ज्याला एक सूत म्हणतात तेवढीच असते. त्यावर नक्षीचा विनाइल कागद चिकटवलेला असतो आणि मागे फोम. मधूनमधून लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात, पण त्या घराच्या भिंतीसारख्या ठरावीक अंतरावर सापडतीलच असे नाही. एक सूत लाकडात स्क्रूचे जेमतेम दोन आटे बसतात. त्यावर फळी, फळीवर सामान आणि त्या सगळ्याला रस्त्याचे हादरे, हे त्या दोन आट्यांना पेलणारे नाही.

म्हणून माझे सांगणे असे की फळ्यांचा भार भिंतीवर टाकूच नये, तो जमिनीवर उतरवावा. कपाटाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला शिडीसारखी एकेक चौकट उभी करा. प्रत्येक चौकटीला पुढे एक आणि मागे एक असे दोन खांब द्या, आणि जिथे फळी यायची तिथे खांबांच्या आतल्या अंगाला एक आडवी पट्टी गोंद आणि स्क्रू लावून बसवा. यासाठी दुकानात ‘वन बाय टू’ नावाने मिळणारी पाइनची पट्टी पुरते, फक्त तिचे खरे माप पाऊण इंच बाय दीड इंच असते हे हिशेबात धरा. खांब थेट ट्रेलरच्या जमिनीवर टेकले की वजन खाली जाते आणि भिंतीकडे चौकट आत झुकू न देण्याएवढेच काम उरते. तेवढ्यासाठी पुढचे खांब कपाटाच्या दर्शनी चौकटीला आतून जोडा, कारण तिथे भरीव लाकूड असते, आणि मागचे खांब एक इंची स्क्रूने मधल्या भिंतीला जोडा. पाऊण इंच खांबातून गेल्यावर तो स्क्रू भिंतीत पाव इंचच शिरतो. लांब स्क्रू वापरायचा मोह आवरा, कारण या भिंतींमधून दिव्यांच्या तारा आणि कधी कधी पाण्याच्या नळ्याही गेलेल्या असतात आणि त्या कुठून गेल्या आहेत याचा नकाशा मालकाला कधीच मिळत नाही.

गोंदाबद्दल एक गोष्ट. भिंतीला पट्टी चिकटवून वर फळी ठेवायची, असा सोपा सल्ला तुम्हाला अनेक ठिकाणी मिळेल. गोंद कितीही चांगला असला तरी तो विनाइल कागदाला चिकटतो आणि तो कागद लुआनला कारखान्यात जेवढा चिकटवलेला असेल तेवढाच टिकतो. मी स्वतः एक पट्टी तशी लावली होती. ती दोन महिन्यांनी गळून पडली तेव्हा गोंद शाबूत होता आणि त्याच्या पाठीला भिंतीचा कागद चिकटून आला होता. चिकटवायचेच असेल तर तेवढ्या पट्ट्यातला कागद सुरीने कापून, खरवडून, उघड्या लाकडावर साधा पॉलिश पेपर फिरवून मगच गोंद लावा.

प्लायवूड अर्धा इंच, म्हणजे चार सुती, पुरे. तुमच्या मापाची एक फळी अर्ध्या इंचात सुमारे साडेचार पाउंड भरेल, पाऊण इंचात साडेसहा-सात, आणि तेवढ्याच जाडीच्या एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या तक्त्यात) नऊच्या आसपास. एमडीएफ तर ट्रेलरमध्ये नकोच, एकदा ओल लागली की त्याच्या कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची पट्टी उभी लावा. तिच्यामुळे सामान घसरत नाही आणि फळीला तुळईचा आधार मिळून ती मधोमध वाकतही नाही.

आता तोंडाचा प्रश्न. दोन्ही बाजूंचे खांब पाऊण-पाऊण इंच जागा खातात, तेव्हा २३ इंचांतले साडेएकवीस उरतात. फळी त्याहून एक सूत कमी कापा. ती तिरकी धरून तोंडातून आत न्यायची, पूर्ण आत गेली की एक बाजू पट्टीवर टेकवायची आणि दुसरी हळूहळू खाली उतरवायची. अशी तिरकी धरल्यावर तिला उभी जागा साधारण १४ इंच लागते. त्यामुळे काम खालून वर करत या आणि सर्वांत वरच्या फळीच्या वर १४ ते १५ इंच मोकळे ठेवा. त्याहून कमी ठेवायचे असेल तर वरची फळी दोन तुकड्यांत करावी लागेल. शेवटी प्रत्येक फळी खालून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना स्क्रूने जखडा, कारण खड्ड्यात चाक गेले की नुसती ठेवलेली फळी सामानासकट उसळते.

ओंटारिओकर

सुतारपक्षी यांनी सुतारकाम उत्तम सांगितले आहे, मी दमटपणाबद्दल लिहिते, कारण आमचे नुकसान त्यातून झाले. कपाटाची एक भिंत बाहेरची असेल तर तिथे थंडीत आतून दव धरते. चार माणसांचे श्वास, गॅसवर उकळणारा चहा आणि कुकरची वाफ, हे सगळे पाणी रात्री सर्वांत गार पृष्ठभाग शोधते, आणि बंद कपाटातली बाहेरची भिंत हा तो पृष्ठभाग असतो. आमच्या फळ्या मागच्या भिंतीला अगदी घट्ट भिडवल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये अल्गॉनक्विन पार्कला तीन रात्री राहून आलो आणि सामान काढायला आठवडा लावला, तेव्हा भिंतीला टेकलेल्या सुती दुपट्ट्यावर फळीच्या रेषेत बुरशीचे काळे ठिपके उठले होते. ते डाग धुऊनही गेले नाहीत, आणि ते दुपटे माझ्या आईने शिवलेले होते.

तेव्हा फळी मागच्या भिंतीपासून किमान एक इंच अलीकडे थांबवा आणि मागच्या कडेलाही छोटी पट्टी लावा, म्हणजे कपडे भिंतीला टेकणार नाहीत आणि हवा खालून वर खेळेल. दाराला वर आणि खाली जाळीच्या खाचा पाडता आल्या तर फार चांगले. प्लायवूडच्या सर्व कडांना, विशेषतः कापलेल्या, वॉर्निशचे दोन हात द्या.

आणखी एक, थोडे वेगळे मत. सगळ्या फळ्या कायमच्या करू नका. मुले मोठी होतात, हिवाळी जॅकेटांना लांबी लागते. आम्ही आता खाली दोनच पक्क्या फळ्या ठेवल्या आहेत आणि वर दांड्याला कापडी कप्प्यांची लटकती पिशवी अडकवली आहे. तिचे वजन नगण्य असते आणि ती घरी नेऊन धुता येते.

भटकंती_डेन्व्हर

दोघांचेही मनापासून आभार. तुमचे वाचून आज कपाट पूर्ण रिकामे केले. तळाशी मागच्या कोपऱ्यात एक पातळ पेटी होती, ती उघडली तर हीटरची गरम हवा न्हाणीघरात नेणारी चार इंची नळी तिथून गेलेली निघाली. म्हणजे डाव्या बाजूचा मागचा खांब तिथे जमिनीवर टेकणार नाही. शिवाय हे कपाट ॲक्सलच्या बरेच मागे आहे, तर तिथे डबे आणि कुकर ठेवणे योग्य होईल का?

टेक्सासचा_वाटसरू

नळीवर खांब टेकवू नका आणि ती पेटी बंद करून तिच्याभोवती कपडेही कोंबू नका. मागचा खांब नळीच्या पुढे, चार-पाच इंच अलीकडे घ्या आणि आडवी पट्टी तिथून मागच्या भिंतीकडे तशीच वाढू द्या. चार-पाच इंच आधाराविना राहिलेली पाऊण इंची पट्टी कपड्यांचे वजन सहज पेलते.

वजनाचा प्रश्न तुम्ही वेळेवर विचारलात. दाराशेजारी आतल्या बाजूला एक लेबल असेल, त्यावर या ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त किती सामान भरता येते ते पाउंडात लिहिलेले असते. पाण्याची टाकी भरली तर ते पाणीही त्यातच धरायचे, आणि एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पाउंडांचे असते. म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की अडीचशे पाउंड तिथेच संपले. फळ्या, खांब, स्क्रू हे सर्वही त्या आकड्यातून वजा होते.

एकूण किती यापेक्षा कुठे ही बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. मागे वजन वाढले की हुकावरचे कमी होते आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. समजा, तुमचे कपाट ॲक्सलच्या मागे ५ फुटांवर आहे आणि हूक ॲक्सलच्या पुढे १० फुटांवर आहे. कपाटात ६० पाउंड ठेवले तर हुकावरचा भार ३० पाउंडांनी उतरतो. छोट्या ट्रेलरला तो फरक जाणवतो. तेव्हा कुकर, पोळपाट, तेलाचे डबे हे सगळे ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवा आणि मागच्या कपाटात फक्त कपडे, टॉवेल आणि पांघरुणे. काम झाल्यावर नेहमीचे सामान भरून एखाद्या ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून घ्या. खर्च थोडा होतो, पण पत्नी आणि मुले गाडीत असताना अंदाजावर चालवू नये असे मला मनापासून वाटते.

भटकंती_डेन्व्हर

सहा आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. दोन शिड्या, तीन फळ्या आणि वर ओंटारिओकर ताईंनी सुचवलेली कापडी पिशवी, असे काम दोन शनिवार-रविवारांत पूर्ण झाले. सर्व साहित्य मिळून वजन २१ पाउंड भरले. डबे आता बाकाखाली, ॲक्सलच्या वर, एका चौकोनी पेटीत आहेत आणि त्यांच्या मधल्या फटींत हातरुमाल खोचले आहेत.

गेल्या आठवड्यात न्यू मेक्सिकोत चाको कॅन्यनला गेलो. तिथे पोहोचण्याआधीचे सुमारे १३ मैल कच्चा रस्ता आहे आणि त्यावर धुणे घासायच्या फळीसारखे आडवे वळ पडलेले असतात, त्यामुळे आम्ही जवळपास सगळा रस्ता ताशी १५ मैलांनी गेलो. मुक्कामी दार उघडले तेव्हा तिन्ही फळ्यांवरच्या घड्या जशा ठेवल्या तशाच होत्या. एकच गोष्ट बिघडली. उजव्या बाजूची मधली आडवी पट्टी मी घाईत गोंद न लावता नुसत्या स्क्रूंवर बसवली होती, तिचा एक स्क्रू अर्धा बाहेर आला होता आणि भोवतीचे भोक मोठे झाले होते. घरी आल्यावर ती काढून, भोकात गोंदात बुडवलेल्या काड्या ठोकून, पट्टी पुन्हा गोंदासह बसवली आहे. मागच्या भिंतीवर हात फिरवून पाहिला, रात्री तापमान बरेच उतरले होते तरी कपडे कोरडे होते.

फळीच्या पुढच्या कडेची पट्टी दीड इंचांऐवजी दोन इंच केली असती तर मुलांच्या गुंडाळलेल्या पँटी आणखी नीट राहिल्या असत्या, एवढा एकच बदल मी नव्याने करणाऱ्याला सुचवेन.