विटी लागून कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) फाटला, आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) बाहेर: कापावी की आत घ्यावी?

नेत्र_निवासी:
मूल ६ वर्षांचं. कॉर्नियाची ५ मिमी जखम लिंबस (कॉर्निया आणि पांढऱ्या भागाची सीमा) ओलांडून श्वेतपटलात (पांढऱ्या भागात) २ मिमी गेलीय, फटीत आयरिस अडकलीय. १० तास झालेत. डोळ्यातली लेन्स स्वच्छ दिसते. आयरिस कापावी का? टाक्यांचा क्रम काय?

कॉर्निया_सर्जन:
कापू नका. १० तासच झालेत. रंग चांगला असेल, पू नसेल तर बीएसएसने (डोळा धुण्याचं क्षारद्रावण) धुऊन आत घ्या. जखमेतून ढकलत बसलात तर ती पुन्हा बाहेर येईल. बाजूला छोटं छिद्र करा, व्हिस्कोइलास्टिक (आत जागा धरून ठेवणारं जेल) सोडा आणि स्पॅच्युलाने आतल्या बाजूने ओढून घ्या. कुजली असेल किंवा एपिथेलियम (पृष्ठभागावरचा पेशींचा थर) चढलं असेल तरच कापायची.

पहिला टाका लिंबसवर, ९-० नायलॉनचा (आकडा मोठा तितका धागा बारीक). तिथे कडा जुळल्या की पुढचं सोपं. मग कॉर्नियाला १०-०. सुई जवळजवळ ९०% खोलीवर, दोन्ही कडांना सारखी. उथळ टाक्याने आतली बाजू उघडी राहते आणि जखम गळते. आरपार गेला तर जंतूंना वाट मिळते. लिंबसकडे टाके लांब, मध्याकडे आखूड. बाहुलीसमोर शक्यतो नकोच. गाठी फिरवून आत दडवा, टोचल्या तर मूल डोळा चोळतं. श्वेतपटलाची जखम कंजंक्टायव्हा (वरचा पातळ पापुद्रा) उघडून शेवटच्या टोकापर्यंत बघा. व्हिस्कोइलास्टिक धुऊन काढा, नाहीतर दाब चढतो. शेवटी फ्लुरोसीनने (चमकणारा रंग) गळती तपासा. लेन्स स्वच्छ असेल तर तिला हात लावू नका.

भूलतज्ज्ञ_बाल:
थिएटरपर्यंत फक्त कडक शील्ड. पॅड नको, मलम नको. रडण्या-उलटीने आतलं बाहेर येतं, म्हणून उलटी थांबवणारं ऑनडॅनसेट्रॉन ०.१ मिग्रॅ/किलो, कमाल ४ मिग्रॅ. धनुर्वाताची लस झालीय का, विचारा.

नेत्र_निवासी:
आभार. टाके मोठ्यांसारखे ३ महिने ठेवायचे?

बाल_नेत्र:
इतके नाही. मुलांची जखम लवकर भरते, टाके सैल पडतात, त्यांच्याकडे रक्तवाहिन्या सरकतात. ४ ते ६ आठवड्यांपासून भूल देऊन टप्प्याटप्प्याने काढा. सैल झालेला मात्र लगेच. आणि या वयात नीट शिवलेला डोळाही आळशी होऊन नजर घालवतो, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. टाके असतानाच नंबर काढा, चांगला डोळा रोज ठरलेले तास झाका. सिलिंडर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेचा नंबर) वेडावाकडा असेल तर चष्मा पुरत नाही, आरजीपी (कडक कॉन्टॅक्ट) लेन्स लागते. दर भेटीत डोळ्यातली लेन्स धुरकट झाली का ते पाहा. दुसरा डोळाही तपासा: लाली, प्रकाश सहन न होणं दिसलं तर सिंपथेटिक ऑफथॅल्मियाची (एका डोळ्याच्या जखमेनंतर दुसऱ्यालाही येणारी आतली सूज) शंका घ्या.