पणजीची वाट : मळा ते खारफुटी

मुलांना पणजी पायी फिरून दाखवायची, तर मिरामारपासून रायबंदरपर्यंत एकच सलग वाट आखावी, अशी एक सूचना आली आहे. नकाशावर छान दिसते, पण सहा वर्षांच्या पोराला घेऊन? शिवाय शेवटचा टप्पा पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेल्या पाँत द लिन्यारिश या पुलावरून जाणार. तिथली वाहनांची वर्दळ पाहता मुलांची रांग न्यायला मी तरी धजणार नाही.

त्यापेक्षा पणजीच्या मळा भागातल्या मारुती मंदिरापासून निघा, फोंते फेनिक्सची झर दाखवा, फोंताइन्हास या जुन्या वस्तीमधून उतरा आणि पाटो भागाजवळच्या खारफुटीत थांबा. खारफुटीची वेळ मात्र ओहोटी बघूनच ठरवायची. पाणी उतरलं की चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं दिसतात, एकच नांगी मोठी असलेले खेकडे बिळांतून बाहेर येतात, निवट्या म्हणजे चिखलातले छोटे मासे टुणटुण उड्या मारतात. भरतीला यातलं काहीच नाही. पोरं दहा मिनिटांत 'घरी कधी जायचं' सुरू करतात.

फोंताइन्हासमध्ये लोक राहतात हो! दारादारांत फोटो काढणाऱ्यांना ते आधीच कंटाळलेत. म्हणून गट लहान ठेवा, माहिती चौकातच सांगून घ्या. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा चढाचा भाग सरळ वगळा.

आणि शौचालय कुठे आहे, ते पत्रकावर सगळ्यात आधी छापा.